उत्तेजनार्थ

एखाद्या माणसाला परीक्षक नेमायचे तर त्याच्या अंगी दोन गुण असावेत, असे आमच्या शुक्रवार पेठेतल्या महिला मंडळाचे मत दिसते. पहिला गुण, त्याला त्या विषयातले काही कळत नसावे. म्हणजे तो कुणाची बाजू घेत नाही. आणि दुसरा, त्याला बेरीज यावी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. दुसऱ्या गुणाबद्दल माझ्याकडे विद्यापीठाचे प्रमाणपत्र आहे आणि पहिल्याबद्दल आमच्या सौभाग्यवतीची साक्ष.

"तुम्ही परीक्षक? तेही हस्तकलेचे?" ती म्हणाली, "अहो, तुम्हांला शर्टाचं बटण लावता येत नाही!"

"बटण लावता येणारा माणूस परीक्षक कशाला होईल? तो शिंपी होईल," मी म्हणालो.

हे वाक्य मला त्या वेळी फार बरे वाटले होते. पण हिच्या रागाचे खरे कारण बटण नव्हतेच. परीक्षकाच्या घरच्यांना स्पर्धेत भाग घेता येत नाही, असा मंडळाचा नियम आहे. आणि सहा महिने खपून हिने विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ माझ्या एका होकारासरशी स्पर्धेतून बाद झाला होता. साहित्याच्या प्रांतात याला टीकाकाराने केलेली गळचेपी म्हणतात. आमच्या घरी त्याचे रूपांतर दोन दिवसांच्या पिठलं-भातात झाले.

तिसऱ्या दिवशी मात्र तिचा जीव राहवेना. "निदान तिथे जाऊन अब्रू तरी घालवू नका," म्हणत तिने दोन सुया आणि लोकरीचा गुंडा माझ्यापुढे टाकला आणि माझी शिकवणी सुरू केली.

"हा सुलट टाका. हा उलट टाका. सुलट विणलेला टाका पलीकडून पाहिला की उलट दिसतो, आणि उलट विणलेला सुलट. मुळात टाका एकच. तुम्ही कुठल्या बाजूला बसला आहात एवढाच प्रश्न."

मी चमकलो. हे तर जमा आणि नावे! तुम्ही बँकेत ठेवलेले पैसे तुमच्या बाजूने येणे, बँकेच्या बाजूने देणे, रक्कम एकच. लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत मांडली, तेव्हापासून जगातले कारकून तिच्यावर पोट भरत आहेत. ही गोष्ट मी हिला उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "तुमचा टाका गळला."

टाका गळणे ही काय चीज आहे, हे ज्याच्या हातून गळला त्यालाच कळते. विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एक निसटला की तो खालच्या ओळीतल्या टाक्याला घेऊन उतरतो, तो त्याच्या खालच्याला, आणि बघता बघता शिडी तयार होते. क्रोशाचे तसे नाही. तिथे एकच आकडी, आणि तिच्यावर बहुधा एकच टाका जागा असतो. साखळी, मुका खांब, खांब, झाले व्याकरण. मुका खांब म्हणजे ठेंगणा खांब, जो आपले काम करतो पण दिसण्यात येत नाही. आमच्या शाखेत असे तीन आहेत. त्यांतला एक मी.

मोजे विणण्याचे पहिले यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1589 साली केले. राणी एलिझाबेथने हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून त्याला सनद नाकारली, अशी कथा सांगतात. यंत्र काही थांबले नाही. क्रोशाची हाताची वीण मात्र अजून यंत्राच्या हाती सहजी आलेली नाही. बाजारात यंत्राचा क्रोशा म्हणून जे मिळते ते बहुतेक करून दुसऱ्याच पद्धतीचे, क्रोशासारखे दिसणारे विणकाम असते. म्हणजे खऱ्या क्रोशाचा पदर स्वस्तात मिळाला तर खूश होण्यापूर्वी एक हिशेब करावा : ही कुणाची तरी बोटे आहेत, आणि त्या बोटांना यातले काय पोहोचले असेल?

हा हिशेब मी तेव्हा केला, वहीत लिहिला, आणि स्पर्धेच्या दिवशी वही घरी विसरलो.

स्पर्धेत एकूण 38 वस्तू होत्या. परीक्षक तिघे. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक, मंडळाच्या एक माजी अध्यक्षा आणि बेरजेसाठी मी. आता टीकाकाराने वस्तूंची प्रतवारी करावी लागते, ती करतो.

पहिला वर्ग आच्छादनांचा. मराठी मध्यमवर्गीय घरात उघडी वस्तू म्हणजे अब्रूचा प्रश्न. दूरदर्शन संचाला झालर, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, मिक्सरला झबले, टेलिफोनला टोपडे, गॅसच्या टाकीला परकर. पूर्वी हे सगळे शोभायचे, कारण त्या वस्तूंना डोके, पाठ, पोट होते. आता टीव्ही भिंतीवर चपटा झाला आणि टेलिफोन खिशात गेला. तरी एका स्पर्धक बाईंनी मोबाइलसाठी क्रोशाची पिशवी केली होती, फोन वाजला की ती उघडेपर्यंत तो थांबावा अशी. या कलेबद्दल माझे मत असे की, तिच्यात कौशल्य आहे, माया आहे, पण पांघरूण घालण्याजोगे काही उरलेले नाही.

दुसरा वर्ग स्वेटरांचा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो. थंडी म्हणावी अशी थंडी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या सुमारास, संक्रांतीच्या आगेमागे, आणि तीही सकाळी सहा ते आठ. अशा गावात बाया भर एप्रिलात पंख्याखाली बसून पूर्ण बाह्यांचे स्वेटर विणतात. हे मी पूर्वी वेडेपण समजत असे. आता मला वाटते की स्वेटर हा सोलापुरात कपडा नसून पत्र आहे. तो पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला जातो, नोकरीसाठी दिल्लीला गेलेल्या जावयाला जातो. मुलगा तो घालत नाही, पण टाकूनही देत नाही. पत्राचे तरी आपण दुसरे काय करतो?

मात्र इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपण ज्याला लोकर म्हणतो ती दुकानातली लोकर बहुधा ॲक्रिलिक असते. तिचा मेंढीशी संबंध नाही, खनिज तेलाशी आहे. हे मला अनुभवाने कळले. मेहुण्याने हिमाचलातून अस्सल लोकरीचा स्वेटर आणला होता. तो मी एकदा हिच्या गैरहजेरीत, उपकार म्हणून, गरम पाण्यात साबण घालून यंत्रात घुसळला. गेला तेव्हा तो मला येत होता. बाहेर आला तेव्हा तो शेजारच्या बाळाला येत होता, आणि इतका घट्ट, की वीण कुठली ते दिसेना. खऱ्या लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. ऊब, पाणी आणि घुसळण मिळाली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ॲक्रिलिकला खवले नाहीत, म्हणून ते असे आटत नाही आणि त्याचा असा नमदाही होत नाही. मी स्वेटर बिघडवला असे ही म्हणते. शास्त्रीय भाषेत मी नमदा तयार केला होता.

यावरून तिसरा वर्ग. एका तरुण मुलीने लोकरीचे घुबड केले होते. काटेरी खाचांची सुई लोकरीच्या गोळ्यात हजार वेळा टोचायची, म्हणजे ते खवले कोरडेच अडकतात आणि गोळ्याला आकार येतो. लोकर, सुई, डोळ्यांचे मणी, सगळे खोक्यातून घरपोच येते. घुबड झकास होते. आमच्या विभागीय अधिकाऱ्यांसारखे बघत होते. परीक्षक शिक्षक म्हणाले, "ही कला आपल्याकडे नवीन आहे." मीही मान हलवली आणि नावीन्याच्या रकान्यात दहापैकी नऊ लिहिले.

घरी आल्यावर आठवले. नवीन? आमच्या सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या पालावर 'जेन' नावाची वस्तू असते. ती विणलेली नसते. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळी करायची आणि हातापायांनी मळायची, मळत राहायचे. तेच खवले, तेच अडकणे. घोंगडी वेगळी. तिच्यासाठी धनगरणी लोकर कातणार, सणगर ती मागावर विणणार आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक करणार. देवाला, लग्नाला, जागरणाला, पावसाला, सगळ्याला तीच. हे आमच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. पण ते खोक्यातून घरपोच आले नाही, म्हणून आमच्या रकान्यात ते नवीनही नाही आणि कलाही नाही.

चौथा वर्ग रुखवताचा. सुपारीचे भटजी, लोकरीचे गुलाब, मण्यांची तुळस, थर्माकोलचा बंगला. रुखवतावर हसणे सोपे आहे आणि मी ते आयुष्यभर केले आहे. पण विचार केला तर मुलीकडच्यांनी जाहीरपणे मांडलेले ते एकमेव प्रदर्शन, ज्यात हिशेबाच्या वस्तू बाजूला राहून मुलीचे हात दिसायचे. अलीकडे तेही भाड्याने मिळते. लग्न झाले की परत करायचे. सुपारीचे तेच भटजी आठवड्यात तीन लग्ने लावतात, खऱ्या भटजींप्रमाणेच.

आणि मग क्रमांक 27.

क्रमांक 27 ही गोधडी होती. आमच्या गल्लीतल्या अक्कांची. अक्का सत्तरीच्या पुढे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि रागावल्या की दोन्ही. त्यांचे यजमान मागावर होते. त्या स्वतः पन्नास वर्षे घरी बसून विड्या वळत होत्या. सोलापूरच्या पूर्वभागात हे काम हजारो बायका करतात; 2006 साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती याच बायकांची. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, सुताने बांधायचे, आणि हजारांच्या हिशेबाने पोहोचवायचे. तिथला तपासणारा बघणार आणि पसंत न पडलेल्या बाद करणार.

गोधडीच्या वरच्या अंगाला दोन जुनी इरकली लुगडी होती. आतल्या थरात फाटक्या सोलापुरी चादरी. जकार्डच्या मागावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या इशाऱ्याने विणली जाणारी ही चादर. जाकार या फ्रेंच कारागिराने 1804 च्या सुमारास बसवलेली ती युक्ती आमच्या गावाच्या अंगवळणी पडली, आणि चादरीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. तिला सुलट-उलट नाही. एका बाजूला लालावर हिरवा मोर, तर दुसरीकडे हिरव्यावर लाल. अक्कांनी गोधडीच्या मधोमध लुगडे चौकोनी कापून आतला तो मोर खिडकीतून डोकावावा तसा ठेवला होता. आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी, एकीत एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.

माझ्या खिशात बँकेची सहा इंची पट्टी असते. मी सहज चार ठिकाणी टाके मोजले. चारही ठिकाणी इंचाला तेवढेच. पन्नास वर्षे पान मापात कापणारा हात. एका ठिकाणी लुगडे विरले होते, तिथे त्यांनी ठिगळ लपवले नव्हते. उलट त्याला शेजारी तसलेच दुसरे देऊन जोडी करून टाकली होती. चुकीचा नमुना करणे याला म्हणतात. आमच्याकडे चुकीची चौकशी होते.

पण गुणपत्रिकेत चार रकाने होते : सफाई, रंगसंगती, नावीन्य, सामान. सफाईत नऊ आले. रंगसंगतीत सात. नावीन्यात, गोधडी सगळ्यांच्याच घरी असते म्हणून, चार. आणि सामानाच्या रकान्यात शून्य. कारण नियमच असा की 'वस्तू नव्या सामानाची व शोभेची असावी'. बेरीज 20. घुबडाची 34.

मी म्हणालो, "सर, हे कमी वाटतं."

शिक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, हे हस्तकौशल्य झालं. हस्तकला नव्हे."

"फरक काय?"

"कौशल्य पोटासाठी असतं. कला आनंदासाठी."

आता इथे टीकाकाराने बोलायचे असते. मी म्हणायला हवे होते की, सर, या गावाने आनंदासाठी असे काहीच विणलेले नाही. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली ती शोभेला नव्हे. चादरीवरचा मोर पोटासाठीच नाचतो आणि तरी तो मोरच असतो. 1952 साली दिल्लीत अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघाले, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या, त्या जन्मभर हेच सांगत हिंडल्या की वापरायच्या वस्तूतले सौंदर्य हे दुय्यम सौंदर्य नव्हे. आणि ज्या बाईची बोटे पन्नास वर्षे पोटासाठी चालली, तिने उतारवयात नातवाच्या बाळासाठी कुणी न सांगता मोराला खिडकी ठेवली, हा आनंद नाही तर काय आहे? पोटाच्या कामातून चोरून वाचवलेला आनंद तो. आम्ही ज्याला छंद म्हणतो त्याला वेळ लागतो; आणि वेळ हे सगळ्यात महाग सामान आहे, त्याचा रकानाच नव्हता.

हे सगळे मला सुचले. दुसऱ्या दिवशी दुपारी, पासबुके छापताना.

त्या वेळी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तेही खरंच आहे." समोरचा माणूस वयाने मोठा असला आणि त्याच्या आवाजात खात्री असली, की माझ्या तोंडून हेच वाक्य बाहेर पडते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने मला पुष्कळ साथ दिली आहे. मी बेरीज केली. बरोबर केली. घुबड पहिले आले. माजी अध्यक्षाबाईंना अक्कांचे वाईट वाटले म्हणून एक जादा बक्षीस काढले : उत्तेजनार्थ.

बक्षीस समारंभ संपल्यावर अक्का माझ्याकडे आल्या. हातात स्टीलचा डबा.

"उत्तेजनार्थ म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, "म्हणजे... हुरूप यावा म्हणून. अजून करत राहा, पुढे आणखी चांगलं जमेल."

अक्का खळखळून हसल्या. "पंच्याहत्तर वर्षाची झाले की मी! आता आणखी कधी चांगलं जमायचं?" मग डब्याचे झाकण उघडून बघत, अगदी सहज म्हणाल्या, "तू पण आमच्या विड्या तपासणाऱ्यासारखाच आहेस बघ. तो पण असाच गोड बोलायचा. गोड बोलून बाद करायचा."

त्यांच्या मनात राग नव्हता. असता तर बरे झाले असते; रागाला उत्तर देता येते.

घरी येऊन मी हिला सगळे सांगितले. मला वाटले, ती टेबलक्लॉथचा सूड म्हणून दोन शब्द सुनावेल. तिने काही सुनावले नाही. मी सोडून दिलेले विणकाम तिने उचलले, आकडी घेतली आणि आठ ओळी खाली उतरलेला माझा तो गळलेला टाका एकेक पायरीने वर ओढून पुन्हा सुईवर आणून ठेवला. "गळलेला टाका उसवून काढायचा नसतो," ती म्हणाली, "शोधून वर आणायचा असतो."

आमच्याकडेही तसेच आहे. खातेवहीतली चुकीची नोंद खोडायला मनाई असते. आधी तिची उलट नोंद करायची, मग बरोबर नोंद, आणि खाली कारण लिहून सही. हा लेख म्हणजे तेवढेच समजावे. क्रमांक 27, गोधडी, जुनी लुगडी आणि फाटक्या चादरी : उत्तेजनार्थ, रद्द. पहिला क्रमांक. कारण : परीक्षकाला बेरीज येत होती, पण रकाने कुणी आखले हे त्याने विचारले नाही.

लेखाचा कागद मी अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "मग आता आणखी एक डबा मिळणार काय?" मी स्वतःच्या पैशाने एक घेऊन दिला. झाकण जरा सैल निघाले, ते त्यांनी तपासून परत केले. मी बदलून आणला. बाद करण्याचा हक्क आयुष्यात एकदा तरी त्यांनाही मिळायला हवा होता.

मंडळाने पुढच्या वर्षीही मला परीक्षक म्हणून बोलावले आहे. मी नकार कळवला आहे. त्यामुळे हिचा टेबलक्लॉथ आता स्पर्धेत उतरेल. मीही उतरणार आहे. दोन सुलट, दोन उलट असा एक मफलर मी सुरू केला आहे; नऊ इंच झाला आहे आणि एका बाजूला तो जरा रुंद होत चालला आहे. त्याला उत्तेजनार्थ मिळाले तर माझी काही तक्रार राहणार नाही.